लोहचुंबकाची परीक्षा घेणारा डॉक्टर

सोळाव्या शतकात युरोपातील खलाशी होकायंत्राच्या भरवशावर समुद्र ओलांडत होते. पण त्याची सुई उत्तरेकडेच का वळते, हे कोणाला नीट सांगता येत नव्हते. कोणी ध्रुवताऱ्याचे नाव घेई, तर कोणी उत्तरेकडच्या चुंबकाच्या डोंगराचे. लसूण चोळल्यास चुंबकाची शक्ती जाते, हिऱ्यावर घासलेली लोखंडी सुई उत्तर दाखवते, असे विद्वानांच्या ग्रंथांतही लिहिलेले असे. या समजुती प्रयोगाने तपासल्या त्या एका डॉक्टरने.

विल्यम गिल्बर्ट यांचा जन्म १५४४ मध्ये इंग्लंडमधील कोलचेस्टर येथे झाला. केंब्रिजमधून १५६९ मध्ये एम.डी. होऊन त्यांनी लंडनमध्ये वैद्यकी केली. पुढे ते राणी पहिली एलिझाबेथ यांचे वैद्य झाले. रुग्ण पाहता पाहता त्यांचे चुंबकावरचे प्रयोगही अनेक वर्षे चालू होते. हिऱ्याची समजूत खोडून काढण्यासाठी त्यांनी साक्षीदारांसमोर तब्बल ७५ हिरे वापरून पाहिले.

त्यांचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग अगदी साधा होता. नैसर्गिक चुंबकदगडाचा गोळा घडवून त्यांनी त्यावर छोटी सुई फिरवली. मध्यभागी ती आडवी राहिली, ध्रुवाकडे नेताना कलत गेली आणि ध्रुवावर उभी ठाकली. होकायंत्राच्या सुईचा असा कल रॉबर्ट नॉर्मन यांनी १५८१ मध्येच प्रसिद्ध केला होता. गिल्बर्ट यांनी दोन्हींची सांगड घातली आणि पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे, असा निष्कर्ष १६०० मध्ये ‘दे मॅग्नेते’ या लॅटिन ग्रंथात मांडला.

लाल होईपर्यंत तापवलेले लोखंड चुंबकाकडे ओढले जात नाही, हेही त्यांनी नोंदवले. त्याचे कारण आज माहीत आहे. लोखंडाच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन इवल्याशा चुंबकांसारखे वागतात. त्यांचे गट एकाच दिशेला वळले की लोखंड चुंबक बनते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे उष्णतेने ही शिस्त मोडते.

पृथ्वीच्या चुंबकत्वामागे तिचा आत्मा आहे, हे गिल्बर्ट यांचे मत मात्र टिकले नाही. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांतून ते निर्माण होते. १६०३ मध्ये गिल्बर्ट यांचे निधन झाले, बहुधा प्लेगने. त्यांनी कॉलेज ऑफ फिजिशियन्सला दिलेली पुस्तके आणि उपकरणे १६६६ च्या लंडनमधील आगीत जळाली.

जखमेतले लोखंड चुंबकाच्या भुकटीच्या लेपाने बाहेर निघते, हा दावाही गिल्बर्ट यांनी फेटाळला होता. आज सांधेदुखीवर चुंबकाची कडी आणि पट्टे विकले जातात; त्यांनी दुखणे बरे होते याला भरवशाचा पुरावा नाही. एमआरआयमध्ये शक्तिशाली चुंबक असतो खरा, पण तो शरीराची प्रतिमा मिळवण्यासाठी, उपचारासाठी नव्हे. म्हणून कड्याच्या भरवशावर चालू औषधे बंद करू नयेत. पेसमेकर बसवलेल्यांनी तर असे पट्टे छातीजवळ नेऊच नयेत.