सँडो : ज्याचं नाव आपल्या बनियनला मिळालं



तुमच्या घरी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत एखादं बिनबाह्यांचं बनियन असेलच. दुकानात आपण ते सँडो म्हणूनच मागतो. हा सँडो कोण, असं वर्गात एकदा विचारून बघा. माझ्या नववीच्या वर्गात एकानं कंपनीचं नाव असेल असं सांगितलं, आणि बाकीच्यांना ते पटलंसुद्धा!

हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. गेल्या सत्रात एक आई पावडरीचा डबा घेऊन शाळेत आली होती. मुलगा १४ वर्षांचा. तीन महिन्यांत बॉडी होते असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तीन महिने झाले, पैसे गेले, बॉडी काही झाली नाही. मुलगा स्वतःवरच चिडलेला, जेवणावर राग काढणारा. आपल्यातच काही खोट आहे असं त्याला वाटू लागलं होतं. त्याला उपदेश करण्यापेक्षा एका माणसाचं चरित्र सांगावं असं ठरवलं. तेच तुमच्यासमोर मांडते आहे.

युजेन सँडो याचा जन्म २ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे झाला. हे शहर आज रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राद. सँडोचं मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. लहानपणी आपण अशक्त होतो आणि वडिलांबरोबर इटलीत गेलो असताना तिथले प्राचीन पुतळे पाहून शरीर कमवायचं ठरवलं, असं तो पुढे सांगत असे. गोष्ट छान आहे, पण तो उत्तम जाहिरातदारही होता, हे लक्षात ठेवूनच ती ऐकावी.

तरुणपणी घर सोडून तो सर्कशीत शिरला. पुढे ब्रुसेल्समध्ये त्याला लुई डुर्लाखर नावाचा गुरू भेटला. हा प्रोफेसर अटिला या नावानं प्रसिद्ध होता. त्याच्याकडे सँडोनं जड वजनांचा सराव केला आणि तो हळूहळू वाढवत नेला. १८८९ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅक्वेरियममध्ये सॅम्सन नावाच्या मल्लाचं जाहीर आव्हान स्वीकारून सँडोनं त्याला हरवलं. एका रात्रीत नाव झालं, असं आपण म्हणतो. पण तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि त्याच्यामागे काही वर्षांची सर्कस आणि वजनं होती. नाव एका रात्रीत झालं, शरीर नाही.

आता जरा थांबून आकडे बघूया, कारण पालक हेच विचारतात. नव्यानं वजनं उचलायला लागलेल्या माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्यानं वाढते. पण त्यात स्नायू वाढल्याचा भाग थोडा असतो. मेंदू आणि नसा आहे तेच स्नायू नीट वापरायला शिकतात, हे मोठं कारण. दोन-तीन महिन्यांच्या नियमित व्यायामानं प्रौढ पुरुषाच्या अंगावर साधारण दीड-दोन किलो मांस चढलं, तर ती चांगली प्रगती समजावी. पूर्ण पहिल्या वर्षात जेवण, झोप आणि व्यायाम तिन्ही सांभाळलं, तर चार ते आठ किलो हा प्रशिक्षकांचा ढोबळ ठोकताळा. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं, पुढे आणखी कमी. काही वर्षांनी वर्षाला एखादा किलोही मोठी कमाई ठरते. बायकांच्या बाबतीत किलोचा आकडा साधारण निम्मा धरतात. वाढत्या वयातल्या मुलाचं वजन तर उंचीबरोबर आपोआपच वाढत असतं. त्यातलं व्यायामाचं किती आणि वयाचं किती, हे वेगळं काढताच येत नाही.

पुन्हा सँडोकडे येऊ. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात तो तिथे खेळ करत होता. लोक वजनं पाहायला येत आणि त्याच्या देहाकडेच पाहत राहत. पुढच्या वर्षी एडिसनच्या स्टुडिओत त्याची छोटीशी फिल्मही घेतली गेली. ती आजही पाहायला मिळते, वर्गात जरूर दाखवा. मुलं पहिल्यांदा थोडी निराश होतील. त्याची उंची पावणेसहा फुटांच्या आसपास आणि वजन ८० ते ८५ किलोच्या दरम्यान होतं. म्हणजे जगातला सर्वांत सुंदर देह म्हणून गाजलेला माणूस शर्ट घालून बसला, तर आपल्या गल्लीतल्या एखाद्या धट्ट्याकट्ट्या काकांसारखाच दिसला असता. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं ते १९३५ मध्ये, सँडो गेल्यावर दहा वर्षांनी. त्यामुळे मेहनत आणि अन्न यांवर माणूस कुठवर जाऊ शकतो, हे पाहायला त्याचा देह चांगला दाखला आहे.

१८९७ मध्ये त्यानं लंडनला व्यायामसंस्था काढली, पुस्तक लिहिलं आणि नंतर मासिकही सुरू केलं. टपालानं व्यायामाचे पाठ आणि स्प्रिंग लावलेले हलके डंबेल्स विकले. इथे मात्र मला तो खटकतो. स्वतःचं शरीर जड वजनांवर घडवलेलं आणि लोकांना विकायचे हलके डंबेल्स! पुढे तर त्यानं ताकदीचा कोकोही बाजारात आणला. डबा तेव्हाही होताच, पालकहो.

पण त्याच माणसानं एक गोष्ट फार सुंदर केली. १८९८ मध्ये त्यानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी देहसौष्ठवाची मोठी स्पर्धा जाहीर केली आणि अंतिम फेरी घेतली ती थेट १४ सप्टेंबर १९०१ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. मध्ये तीन वर्षं गावोगावच्या फेऱ्या चालल्या. परीक्षक होते सँडो स्वतः, शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल. गुण नुसत्या दंडाच्या घेराला नव्हते. अवयवांचा समतोल, स्नायूंचा कस, एकूण आरोग्य, इतकंच काय, त्वचेची स्थितीही पाहिली जात होती. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे पहिला आला आणि त्याला सँडोचाच छोटा सोन्याचा पुतळा मिळाला. मुलांना हे सांगाल तेव्हा तीन वर्षं हा आकडा फळ्यावर मोठा लिहा. मी लिहिला होता. तो मुलगा त्याच्याकडे बराच वेळ बघत होता.

१९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानात आला आणि त्यानं कोलकाता, मुंबई अशा शहरांत खेळ केले. जोर, बैठका, मल्लखांब आपल्याकडे होतेच, पण त्याचे डंबेल्स आणि पुस्तकं त्याच्या आधीच येऊन पोचली होती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ च्या सुमारास त्याची साधनं आणि पुस्तकं मागवून तब्बल दहा वर्षं नेमानं व्यायाम केला. मग ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे मोठे प्रचारक झाले. दहा वर्षं बरं का! आपली मुलं दहा आठवड्यांत जिम बदलतात.

१९११ मध्ये सँडो इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांचा व्यायामशिक्षक म्हणून नेमला गेला. पहिल्या महायुद्धात मात्र कोकोची कंपनी बुडाली आणि वैभव ओसरलं. १४ ऑक्टोबर १९२५ रोजी ५८ व्या वर्षी लंडनमध्ये त्याचं निधन झालं. खड्ड्यात गेलेली मोटार एकट्यानं उचलल्यामुळे तो गेला, अशी दंतकथा आहे. मुलांना ती फार आवडते, पण ती दंतकथा म्हणूनच सांगावी. पत्नी ब्लांश हिनं त्याला पटनी व्हेल दफनभूमीत पुरलं आणि कबरीवर नावाचा दगडही लावू दिला नाही. तो दगड बसायला कित्येक दशकं जावी लागली.

त्याचा पुतळा मात्र उरला. मिस्टर ऑलिंपिया स्पर्धेत आजही विजेत्याला सँडोचीच मूर्ती देतात. ती हातात घेणारे अनेक जण मंचावर ११० किलोंच्या वर भरतात, म्हणजे मूर्तीतल्या माणसापेक्षा पंचवीस-तीस किलो जास्त. हे वरचे किलो कुठून आले असतील, असं त्या मुलानंच मला विचारलं. मी १९३५ हा आकडा त्या तीन वर्षांशेजारी लिहिला.