काड्यांना चालवणारे दादासाहेब

दूरदर्शनवर मालिका सुरू होताना तिच्या नावाची जाड अक्षरे गरगर फिरत पुढे येतात. जळगाव-धुळ्याकडच्या लग्नांच्या व्हिडिओतही नवरा-नवरीची नावे अशीच झळकताना तुम्ही पाहिली असतील. हे काम संगणकाचे. अक्षराला जाडी द्यायची, ते आरंभी कोठे असेल आणि शेवटी कोठे, हे सांगायचे. मधली सगळी चित्रे संगणक तयार करतो. एका सेकंदाला पंचवीस चित्रे डोळ्यांपुढून गेली, की अक्षर हलल्यासारखे वाटते.

संगणक नव्हता तेव्हा ही मधली चित्रे हातांनी घ्यावी लागत. आपल्याकडे हे काम आरंभी करणाऱ्यांत दादासाहेब फाळके होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, सारे त्यांनी करून पाहिले. चाळिशीत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि चित्रपटाचाच ध्यास घेतला. चित्रपट पाहून पाहून डोळे इतके बिघडले, की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विमा गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले आणि त्यांनी तेथे कॅमेरा खरेदी केला.

आता चित्रपटाला पैसे कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला. ठरावीक वेळाने एकेक चित्र घ्यायचे, असे सुमारे महिनाभर चालले. पडद्यावर मात्र मिनिटभरात अंकुर फुटला आणि वेल वाढला! तुमच्या शेतातली कपाशी अशी डोळ्यांदेखत वाढली, तर तुम्हीही थक्क व्हाल. ते पाहून त्यांना कर्ज मिळाले. तरीही पैसे पुरेनात. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. सर्वांचा स्वयंपाक करून त्या फिल्म धुण्याचे कामही करत. त्यांचे नाव फार कमी घेतले जाते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फिल्मची लांबी ३७०० फूट. एका फुटात सोळा चित्रे असतात. गुणाकार तुम्हीच करा.

पहिल्या महायुद्धात कोरी फिल्म मिळेना. तेव्हा दादासाहेबांनी छोटे चित्रपट केले. त्यांतला एक ‘आगकाड्यांची मौज’. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. एका सेकंदाच्या हालचालीसाठी सुमारे सोळा वेळा! चुकून हाताचा धक्का लागला, तर सारे पुन्हा मांडावे लागणार. पडद्यावर मात्र काड्या आपणहून चालत.

पुढे बोलपट आले. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा दादासाहेबांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या हाती फारसा पैसा नव्हता. ‘आगकाड्यांची मौज’ची फिल्मही आज उपलब्ध नाही.