डॉ. रुस्तम जाल वकील आणि सर्पगंधेची मुळी

घरातील वडीलधाऱ्यांचा हात मांडीवर विसावलेला असतानाच थरथरू लागतो, चाल मंदावते, सदऱ्याची गुंडी लावण्यास वेळ लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामांत, संगमनेर असो वा श्रीरामपूर, आपण पुष्कळदा हे वय झाल्याचे लक्षण मानून सोडून देतो. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या अखेरच्या वर्षांत हाच कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, साऱ्या जगाने पाहिला. मेंदूतील त्याचे मूळ ज्या वाटेने सापडले, ती वाट मुंबईतून गेली आहे. ज्या डॉक्टरांमुळे ती मुंबईतून गेली, त्यांचा हा अल्प परिचय आम्ही देत आहोत.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ सालचा, पारशी कुटुंबातील. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले व हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपास आले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हतेच. सर्पगंधेची मुळी मात्र आपल्या वैद्यांच्या बटव्यात पूर्वापार होती, आणि १९३१ साली बंगालमधील सेन व बोस यांनी तिच्याविषयी लिहिलेही होते. डॉ. वकील यांनी ती रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन निरीक्षणे नोंदविली आणि १९४९ साली ५० रुग्णांवरील आपला अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. मुळीची कीर्ती सातासमुद्रापलीकडे गेली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. अ‍ॅडेल्फेनची गोळी घेणारे आजी-आजोबा ज्यांना आठवतात, त्यांच्या घरी हे द्रव्य येऊन गेले आहे.

१९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार व पुढच्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. परंतु त्याच १९५७ साली घडलेली दुसरी घटना आम्हांस अधिक मोलाची वाटते.

रेसर्पिन मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांचे अवयव ताठरत, हालचाल मंदावे; हुबेहूब कंपवातच! स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा टोचले आणि ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. मेंदूतील डोपामिनचा साठा या औषधाने रिता होतो, हे लवकरच उमगले. पुढे व्हिएन्नात कंपवाताने दगावलेल्यांच्या मेंदूतही डोपामिनचा तुटवडा आढळला. एल-डोपा हा आजही या आजारावरील मुख्य उपचार आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जिवंत माणसाच्या मेंदूतील ही उणीव प्रत्यक्ष पाहणे मात्र डॉ. वकील यांच्या हयातीत शक्य नव्हते. ते १९७४ साली निवर्तले. किरणोत्सारी डोपा टोचून मेंदूतील त्याचे चित्र प्रथम १९८३ साली कॅनडात घेतले गेले. आता ट्रोडॅट नावाची तपासणी आपल्या देशातही होते. शिरेतून अल्प किरणोत्सारी द्रव्य देतात व काही तासांनी छायाचित्र घेतात. निरोगी मेंदूत दोन तेजस्वी स्वल्पविराम उमटतात. आजाराच्या आरंभीच त्यांची शेपटी पुसट होऊ लागते, बहुधा एका बाजूस अधिक, आणि स्वल्पविरामाचा नुसता ठिपका उरतो. हात कापू लागतो तोवर डोपामिन वाहणाऱ्या तंतूंचा मोठा भाग नष्ट झालेला असतो.

रेसर्पिनने साठा रिता होई, पण तंतू शाबूत राहत; म्हणून औषध थांबविल्यावर रुग्ण सावरे. चक्कर येण्यावरची किंवा मानसिक आजारावरची काही औषधेही कंप आणतात, ती डोपामिनचे कार्य अडवून. अशा रुग्णाचे स्वल्पविराम सहसा शाबूत दिसतात. एखाद्या आजीच्या कपाळी आयुष्यभराच्या आजाराचा शिक्का बसणार की केवळ एक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी लागणार, एवढे त्यावर अवलंबून असते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

अर्थात प्रत्येकास या खर्चिक तपासणीची गरज नसते. बहुतेकांचे निदान अनुभवी डॉक्टर रुग्णाची चाल, हात व चेहरा पाहूनच करतात. डॉ. वकील यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक लिहिले, तेही रुग्णाला असे तपासून निदान कसे करावे याविषयीचेच होते.