माणिकबागचे यशवंतराव

वैशाख लागला की निमाड तापू लागतो. मान नदीचे पात्र रोडावते, मनावर गावची बाजारपेठ भर दुपारी ओस पडते आणि जो तो सावली शोधतो. उन्हाशी माणसाचा हा झगडा जुनाच आहे. आपल्याच धार जिल्ह्यात, मांडू येथे, दोन तलावांच्या मध्ये उभारलेल्या जहाज महालात पाण्यावरून येणारा वारा खेळत असे. त्यानंतर सुमारे साडेचार शतकांनी इंदूरच्या एका तरुण राजाने यंत्राने हवा थंड करणारे घर बांधविले. ते राजे म्हणजे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे.

यशवंतरावांचा जन्म 6 सप्टेंबर 1908 रोजी इंदूर येथे झाला. 1926 साली वडील तुकोजीराव यांनी गादी सोडली आणि अवघ्या सतराव्या वर्षी राज्याचा भार त्यांच्या नावावर आला. पूर्ण अधिकार मात्र 1930 मध्ये मिळाले. मधल्या काळात ते इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे शिकत होते. कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताबाई त्यांच्या पत्नी. नवी चित्रे, नवी शिल्पे, नवी घरे यांची दोघांनाही मनापासून ओढ होती.

ऑक्सफर्डच्या दिवसांतच एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी महाराजांचा स्नेह जडला. त्या वेळी मुथेसियसही ऐन पंचविशीत होते. 1930 ते 1933 या काळात इंदूरला माणिकबाग उभी राहिली, ती त्यांच्याच आराखड्यावरून. भारतातील अगदी आरंभीच्या वातानुकूलित निवासस्थानांत तिची गणना होते. भिंती, खिडक्या, दिवे, गालिचे, फार काय दारांच्या मुठीसुद्धा, एकाच विचाराने योजिल्या गेल्या. हवेची सोय ही त्या योजनेतच होती. बांधून झालेल्या घरात मागाहून यंत्र बसविण्याचा तो प्रकार नव्हता.

हे शास्त्रही तेव्हा तरुणच होते. 1902 साली अमेरिकेतील ब्रुकलिन येथे एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगांची छपाई जागा चुके. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील ओलावा काढण्याची योजना आखली. वातानुकूलन म्हणजे नुसती थंडी नव्हे; उष्णता आणि ओलावा या दोहोंवर ताबा. म्हणूनच कोरड्या वैशाखात वाळ्याचा पडदा किंवा कूलर गारवा देतो, पण श्रावणात हवा आधीच ओली असल्याने त्याचे काही चालत नाही.

राजवाड्याचे हे तत्त्व लहान घरालाही लागू पडते. आज मनावरसारख्या गावातला दुकानदारही असे यंत्र घेऊ शकतो. परंतु त्याने प्रथम दुकानाकडे पाहावे आणि मग यंत्राकडे. छप्पर पत्र्याचे की गच्चीचे? पश्चिमेचे ऊन कोणत्या भिंतीवर येते? आत माणसे किती बसतात, यंत्रे किती चालतात? दारांच्या फटी बुजल्या आहेत काय? या उत्तरांवरून यंत्राची शक्ती ठरते. ती टनांत मोजतात. 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता तितक्याच वेळात बाहेर टाकणे म्हणजे एक टन शक्ती. गरजेहून लहान यंत्र अखंड धापा टाकते. फार मोठे यंत्र खोली चटकन थंड करून थांबते आणि ओलावा तसाच राहतो. बाहेरच्या भागास सावली व मोकळा वारा हवा, ठिबकणाऱ्या पाण्यास उताराची वाट हवी, आणि विजेची तार स्वतंत्र व भूसंपर्कासह हवी. छपरावर सावली केली, भिंतीलगत झाड लावले, तर लहान यंत्रही पुरते.

माणिकबागेचे सुख मात्र अल्पकाळ टिकले. 1937 साली, ऐन तारुण्यात, संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. दोघांनी हौसेने सजविलेले घर एकाकी झाले. घराची हवा यंत्राला आवरता आली. दैवापुढे राजाचाही इलाज चालला नाही. तरी महाराज कर्तव्यापासून ढळले नाहीत. त्यांच्या आश्रयाखाली होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. 1948 साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. 1956 पर्यंत ते तेथील उपराजप्रमुख होते. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला.

माणिकबागेतील मौल्यवान सामान 1980 साली युरोपात लिलावात विकले गेले. वास्तू मात्र उभी आहे आणि तेथे केंद्र सरकारच्या कर-विभागाचे कार्यालय आहे.

विद्यार्थिमित्रहो, राजाचे वैभव सर्वांच्या वाट्याला येत नाही; त्याची दूरदृष्टी मात्र कोणालाही उचलता येते. वीट रचण्यापूर्वी ऊन, वारा आणि सावली यांचा विचार करणे, हे त्या घराने दिलेले शिक्षण आहे, आणि त्याला खर्च पडतो तो केवळ थोड्या विचाराचा.