कळपात सगळे एकसारखे असले की परजीवीचं फावतं, हे सांगणारे जेबीएस हाल्डेन

शिक्षण ग्रीक-लॅटिनचं. विज्ञानाची डिग्री नावालाही नाही. तरी उत्क्रांतीच्या पुस्तकात जेबीएस हाल्डेन हे नाव टाळता येत नाही.

जन्म 1892 चा, ऑक्सफर्डचा. वडील शास्त्रज्ञ. ते पोराला घेऊन खाणीत उतरायचे, विषारी वायूंचे प्रयोग स्वतःवरच करायचे. पोरानंही तीच सवय उचलली. पाणबुडीतली माणसं कशी वाचवायची हे शोधताना हाल्डेन स्वतःच दाबाच्या टाकीत जाऊन बसले.

1948 च्या सुमारास एक कोडं चर्चेत होतं. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत थॅलेसेमिया एवढा का? आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर मूल दगावायचं. मग हे जनुक कधीच संपायला हवं होतं. ते तिथं नव्यानं जास्त तयार होत असावं, असं काही संशोधकांना वाटायचं. हाल्डेन यांनी बोट दाखवलं मलेरियाकडं. एकच सदोष जनुक असलेला माणूस तसा ठणठणीत असतो. त्याच्या तांबड्या पेशी लहान, म्हणून मलेरियाच्या परजीवीचं तिथं जमत नसावं, असा त्यांचा अंदाज.

1949 मध्ये रोग आणि उत्क्रांतीवर लेख लिहून त्यांनी मुद्दा सगळ्या प्राण्यांपर्यंत नेला. समजा, कळपातली सगळी जनावरं आतून सारखीच आहेत. परजीवीला एकात शिरायची वाट सापडली की अख्खा कळप त्याचाच. जनावरं वेगवेगळी असतील तर तो काहींत शिरतो, काहींत अडतो, आणि पसरणं मंदावतं. परजीवीच्या पिढ्या भराभर बदलतात, त्यामुळं जे बहुसंख्य आहेत त्यांना गाठण्यात तो पटाईत होतो. चारचौघांपेक्षा वेगळं जनावर सुटतं. पण असे वेगळे वाढून बहुसंख्य झाले की पुढचा नंबर त्यांचा!

1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत असाच संबंध सिकलसेल आणि मलेरियात दाखवला. हा सिकलसेल आपल्या गडचिरोलीत, नंदुरबारमध्येही आहे. एक जनुक असलेल्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोन्ही आली तर आयुष्यभराचं दुखणं. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा असं डॉक्टर सांगतात, ते याचसाठी.

हाल्डेन 1957 मध्ये कलकत्त्याला आले, भारतीय नागरिक झाले. 1 डिसेंबर 1964 ला ते भुवनेश्वरमध्ये गेले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाडाच्या मेडिकल कॉलेजला देण्यात आला.