सर्पगंधेची मुळी आणि डॉ. रुस्तम वकील

मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनीअर. डॉक्टरकीशी माझा संबंध नाही. तरीही यंदाच्या स्मरणिकेत एका डॉक्टरांविषयी लिहीत आहे, त्याला कारण घडले. मागच्या वर्षी नियमित वैद्यकीय तपासणीत माझा रक्तदाब १६०/१०० निघाला. त्रास काहीच नव्हता. गावाहून आईने फोनवर सर्पगंधेची मुळी घ्यायला सांगितले. त्या मुळीची माहिती काढताना डॉ. रुस्तम जाल वकील या मोठ्या माणसाची ओळख झाली.

१९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपास आले. त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते.

सर्पगंधा आपल्या वैद्य-हकिमांना पूर्वीपासून ठाऊक होती. तिने दाब उतरतो, असे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ साली लिहिले होते. त्याच सुमारास आपल्या दिल्लीत, हिंदूरावपासून फार लांब नसलेल्या करोल बागेतील तिब्बिया कॉलेजात, सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळीतून एक द्रव्य वेगळे काढले. हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला अजमलिन हे नाव दिले.

परंतु जगाने या मुळीची दखल घेतली ती डॉ. वकिलांमुळे. जुनी म्हणून त्यांनी तिला नाक मुरडले नाही आणि आपली म्हणून डोळे झाकून विश्वासही ठेवला नाही. ५० रुग्णांना मुळीच्या गोळ्या दिल्या, दाब मोजला, नोंदी ठेवल्या. १९४९ साली त्यांचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. त्यावरून बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत हे औषध वापरले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळे केले.

१९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार, पुढे पद्मभूषण आणि १९६५ साली भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांच्या पाठ्यपुस्तकांवर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. १९७४ साली ते गेले.

पुढे रेसर्पिनने मन उदास होते अशा तक्रारी आल्या, अधिक चांगली औषधे निघाली आणि त्याचा वापर फार कमी झाला. आईला हे सारे सांगितले, तेव्हा तिची समजूत पटली. आता मी डॉक्टरांनी दिलेली गोळी नेमाने घेतो.

आमच्याकडे ब्रेक पाईपचा दाब ५ किलो भरला की नाही, हे गेजवर पाहिल्याशिवाय गाडी सुटत नाही. डॉ. वकिलांनीही दुसरे काय केले? ऐकले, पण मोजून पाहिले. वाचकहो, चाळिशी उलटली असेल तर त्रास होण्याची वाट पाहू नका. एकदा दाब मोजून घ्या.