सोलापूरचे वसतिगृह आणि डॉ. आंबेडकर

विद्यार्थी मित्रांनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले, तेव्हा अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण त्यांच्या पाठीशी होते. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा काही सहकाऱ्यांचा आग्रह! शिकलेल्यांचेच हे वागणे, ध्यानात घ्या.

पुढे त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 रोजी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते आपल्याच सोलापुरात. मुलांच्या राहण्याचा, कपड्यांचा, वह्यापेन्सिलींचा खर्च सभेने उचलला. पालकहो, खेड्यातून आलेल्या मुलाला शाळा-कॉलेजात नाव मिळाले म्हणजे झाले असे नाही. रात्री पाठ टेकायला जागा अन् दोन वेळची भाकरी नसेल तर ते मूल माघारी येते, हे आपण आपल्या घरांतूनही पाहिले आहे.

1946 साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, 1950 साली औरंगाबादेत दुसरे, तेच पुढे मिलिंद. दलितांच्या शिक्षणासाठी काढलेल्या या कॉलेजांचे दार मात्र त्यांनी कोणत्याही जातिधर्माच्या मुलाला बंद ठेवले नाही. 6 डिसेंबर 1956 रोजी ते गेले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सिद्धार्थमध्ये सकाळीच वर्ग भरत. ते सुटले की मुले थेट कामावर जात.